हत्यार ज्याचे त्याने घडवावे



जन्मभर कानस चालवलेल्या आणि चालवायला शिकवलेल्या माणसाला तुम्ही आज या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात. हा मान आपल्या कामाचा आहे असे समजून मी तो नम्रपणे स्वीकारतो आणि सरळ कामाचेच बोलतो.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या इथल्या प्रत्येक दुकानदाराने हे पाहिले आहे. कुणीतरी वडिलांचे चावीचे एचएमटी घेऊन येतो. घड्याळ हातातून पडलेले असते. उघडून भिंगातून पाहिले, की बॅलन्स स्टाफचे, म्हणजे ठोके देणाऱ्या चाकाच्या आसाचे, टोक तुटलेले दिसते. हे टोक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढे जाड. जुन्या चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हील तासाला 18,000 ठोके देते, म्हणजे दिवसाला 4,32,000. तो सगळा भार अशा दोन टोकांवर असतो. एचएमटीची घड्याळे 1961 पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला तयार होऊ लागली आणि 2016 मध्ये कंपनीचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. सुटे भाग संपत चालले आहेत. अशा वेळी एक कारागीर म्हणतो, ‘पार्ट येत नाही.’ दुसरा पोलादाची बारीक सळई घेऊन लेथवर बसतो. मला आज या दुसऱ्या कारागिराविषयी बोलायचे आहे. तो घडतो कसा?

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात ग्लासह्युटे नावाचे डोंगरातले गाव आहे. तिथल्या खाणी आटल्या आणि गावाला दारिद्र्य आले. 1845 मध्ये ड्रेस्डेनचा घड्याळजी फर्डिनांड आडोल्फ लांगे सरकारकडून कर्ज मिळवून तिथे गेला आणि त्याने 15 उमेदवार हाताशी घेतले. या मुलांना घड्याळाचा गंध नव्हता. लांगेने त्यांच्यासाठी हत्यारे आणि यंत्रे सुधारली, मोजमापाला जुन्या फ्रेंच मापाऐवजी मिलिमीटर आणला आणि एकेका मुलाला एकेका कामात तरबेज केले. पुढे त्यांच्यातल्या काहींनी स्वतःचे कारखाने काढले. 1878 मध्ये गावात घड्याळजींची शाळा उभी राहिली. त्याच शाळेचा शिक्षक आल्फ्रेड हेल्विग याने 1920 मध्ये वरच्या आधाराशिवाय फिरणारे टुरबियाँ, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रणेचा फिरता पिंजरा, तयार केले. आज घड्याळाच्या जगात या गावाचे नाव आदराने घेतले जाते. खाण संपलेल्या गावाला हातांनी जगवले, आणि हातांची तयारी हत्यारांपासून सुरू झाली.

हे आपल्याला परके वाटू नये. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हा आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची मुलेच पुढे यंत्रकामात कसबी झाली.

दुसरे उदाहरण एका विद्यार्थ्याचे. इंग्लंडमधला रॉजर स्मिथ मँचेस्टरच्या घड्याळशाळेत शिकला. घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स यांचे 1981 मध्ये निघालेले ‘वॉचमेकिंग’ हे पुस्तक समोर ठेवून त्याने एक खिशातले घड्याळ हाताने घडवले आणि आइल ऑफ मॅन बेटावर जाऊन ते डॅनियल्सना दाखवले. डॅनियल्सनी ते नापसंत केले. त्यावर हाताच्या खुणा दिसत होत्या. त्यांच्या मते घड्याळ कुणी केले हे त्यावर दिसता कामा नये, ते जणू तसेच जन्मलेले वाटावे. स्मिथ घरी परतला आणि दुसऱ्या घड्याळाला लागला. मनासारखे न झालेले भाग त्याने पुन्हा पुन्हा केले. त्यात पाचेक वर्षे गेली. हे दुसरे घड्याळ पाहून डॅनियल्सनी त्याला घड्याळजी म्हणून मान्यता दिली आणि नंतर आपल्यासोबत कामाला घेतले.

शिक्षकांनो, या गोष्टीत पुस्तक आहे, शाळा आहे. पण विद्यार्थ्याला घडवले ते एका जाणकाराच्या स्पष्ट नकाराने आणि पुन्हा करून पाहायला मिळालेल्या वेळाने. आपल्या वर्गात या दोन्ही गोष्टींना जागा उरलेली नाही. जॉब बरा झाला की मार्क द्यायचे आणि पुढचा जॉब घ्यायचा, असे आपले चालले आहे.

मी मुलांना पहिल्यांदा बारीक स्क्रू ड्रायव्हर करायला देतो. पोलादाची सळई कानशीने तासून टोक बसवायचे. गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. मग टोक लालबुंद तापवून तेलात बुडवायचे. पाणी दिलेल्या त्या टोकावरून आता कानस घसरते, पण जरा जोर लावला तर ते काचेसारखे तुटते. म्हणून ते घासून लख्ख करायचे आणि मंद आचेवर धरायचे. पोलादावर रंग चढू लागतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास गर्द निळा. निळा उमटला त्या क्षणी काढायचे. क्षणभर उशीर झाला की रंग फिका राखाडी होतो, टोक मऊ पडते आणि काम पहिल्यापासून करावे लागते. अंश पुस्तकात मिळतात. तो क्षण ओळखायला मात्र डोळा तयार व्हावा लागतो, आणि त्यासाठी चार-पाच सळया वाया जाव्या लागतात.

बॅटरीच्या आणि मोबाइलच्या काळात हे कशाला, असे विचारणारे आहेत. स्वित्झर्लंडला हा प्रश्न फार कठोरपणे पडला होता. 1969 मध्ये जपानचे क्वार्ट्झ घड्याळ आले आणि पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळउद्योगातले कामगार सुमारे 90,000 वरून सुमारे 30,000 वर आले. तरीही त्यांनी शाळा टिकवल्या. 2020 मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधले यांत्रिक घड्याळांचे कसब युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवले. शिवाय टूलरूममधल्या मित्रांना हे सांगायला नको, की बादलीपासून पंपाच्या कव्हरपर्यंत प्रत्येक वस्तूमागे कुणीतरी घडवलेला साचा असतो. सीएनसी मशीन साचा कापते. तो नीट बसला की नाही, हे शेवटी फिटरच्या बोटांना कळते.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्याने आपली पहिली हत्यारे स्वतः घडवावीत आणि ती कायमची त्याचीच असावीत. वाया जाणाऱ्या पोलादाची तरतूद अंदाजपत्रकात असावी. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही पण 40 वर्षांचा हात आहे, अशा कारागिरांना शिकवायला सन्मानाने आणि मानधन देऊन बोलवावे. आणि हे कसब मराठीत, दुकानात बोलल्या जाणाऱ्या शब्दांत, चित्रांसह लिहून काढावे.

या गोष्टी सरकारच्या आणि संस्थांच्या हातात आहेत. त्यांचा पाठपुरावा आपण करू. पण आणखी एक गोष्ट कुणाच्या मंजुरीसाठी अडलेली नाही. इथे बसलेल्या प्रत्येक कारागिराने या वर्षी एक मुलगा किंवा मुलगी आपल्या बाकाशी बसवावी. पुढच्या परिषदेला येताना त्या विद्यार्थ्याने स्वतः केलेले एक हत्यार घेऊन या आणि या टेबलावर ठेवा. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे.