हलक्या कानाचा सिंह



सिंह म्हटले की आयाळ, गर्जना आणि पंजा डोळ्यांपुढे उभा राहतो. मराठी मनाला सिंहगड आणि तानाजी मालुसरे आठवतात. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’तील बालक सर्वदमन सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहतो, तेथेही शौर्याचे माप सिंहच आहे. काव्यात सिंह असा पराक्रमाचे प्रतीक होऊन येतो. पंचतंत्राने मात्र त्याला राजा केले आणि मग त्या राजाची कठोर परीक्षा घेतली.

महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना शहाणे करण्यासाठी विष्णुशर्म्याने या कथा सांगितल्या, अशी ग्रंथाची योजना आहे. श्रोते राजपुत्र, म्हणून पहिल्याच तंत्रात पिंगलक नावाचा सिंहराजा येतो. यमुनेवर पाणी पिण्यास आलेल्या पिंगलकाच्या कानी एक अनोळखी डुरकणे पडते आणि तो तहानलेलाच मागे फिरतो. तो आवाज असतो संजीवक नावाच्या बैलाचा. पाय मोडल्यामुळे व्यापाऱ्याच्या तांड्याने त्याला मागे सोडलेले असते आणि नदीकाठचे कोवळे गवत खाऊन तो पुन्हा धष्टपुष्ट झालेला असतो. वनराजाची पहिली ओळख शौर्याने नव्हे, तर भयाने होते.

अधिकार गमावलेला दमनक नावाचा कोल्हा हे भय ओळखतो. तोच अभय मिळवून देऊन बैलाला राजाकडे आणतो आणि दोघांची मैत्री जुळते. पुढे या मैत्रीत राजाचे शिकारीवरून लक्ष उडते आणि कोल्हे उपाशी पडतात. मग दमनक सिंहाला सांगतो, बैलाला तुझे राज्य हवे आहे. बैलाला सांगतो, सिंहाला तुझे मांस हवे आहे. दोघे समोरासमोर येतात ते सावध होऊन, आणि एकाच्या सावधपणात दुसऱ्याला द्रोहाचा पुरावा दिसतो. दोघांपैकी एकानेही विचारले नाही, “गड्या, हे खरे काय?” संजीवक मारला जातो. पिंगलक शोक करतो. दमनक त्याचे सांत्वन करतो आणि पुन्हा मंत्री होतो.

मराठीत अशा माणसाला ‘हलक्या कानाचा’ म्हणतात. पंचतंत्रातील या सिंहाचा पंजा दुबळा पडत नाही. दुबळा असतो तो कान. विहिरीतल्या प्रतिबिंबावर झेप घेणारा भासुरकही आधी सशाच्या शब्दावर विश्वास ठेवतो. ती गोष्ट घरोघरी सांगितली जाते, परंतु ग्रंथात ती कोण सांगतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. करटक या आपल्या सोबत्याला ती दमनकच सांगतो. बुद्धीपुढे बळ चालत नाही, हे त्याला पटवायचे असते. त्याच बुद्धीने त्याला दोन मित्र तोडायचे असतात. बुद्धी दुर्बळाला तारते आणि कुटिलाच्या हाती शस्त्रही होते, हे दोन्ही विष्णुशर्म्याने एकाच मुखातून वदवले.

ही कथा सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत गेली आणि आठव्या शतकात इब्न अल मुकफ्फाने ती अरबीत आणली. करटक-दमनकांच्या नावांवरून तो ग्रंथ ‘कलीला व दिम्ना’ झाला. अरबी ग्रंथात एक नवे प्रकरण जोडलेले आहे: दमनकावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. न्यायाची ही ओढ स्वाभाविक आहे. मूळ कथा मात्र तो दिलासा देत नाही. शिक्षा कोणालाही झाली, तरी संजीवक परत येणार नव्हता.

ज्या यमुनाकाठी कथेतला पिंगलक वावरला, तेथे आज वन्य सिंह नाही. आशियाई सिंह आता गुजरातेतील गीर आणि आसपासच्या प्रदेशातच उरला आहे; 2020 साली त्याची संख्या 674 होती, 2025 च्या गणनेत ती 891 भरली. पिंगलक मात्र कुटुंबात, संस्थेत, कार्यालयात, जेथे जेथे अधिकार आहे तेथे भेटतो. भावाभावांत, सहकाऱ्यांत वर्षानुवर्षांचे संबंध एका कुजबुजीने तुटतात, तेव्हा हीच कथा पुन्हा घडत असते.

म्हणून मुलांना सशाची गोष्ट जरूर सांगावी, पण तिच्यापाशी थांबू नये. ती थोडी मोठी झाली की संजीवकाचीही सांगावी आणि तिचा शेवट गोड करू नये. “सिंहाने आधी काय विचारायला हवे होते?” असे मुलाने आपणहून विचारले, तर विष्णुशर्म्याचे काम झाले.