बिदरी कामातला एक दिवस



नववीतल्या चार मैत्रिणी एका सुट्टीत बिदरच्या बिदरी कारागिरांकडे गेल्या. जस्त व थोडे तांबे यांच्या ओतीव भांड्यावर छिन्नीने वेल कोरायची आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, हे बहामनी काळापासून चालत आलेले काम. तासाभरात जेमतेम एक पान साधले, तेही वाकडे! पुढे किल्ल्यातील माती व नवसागर घातलेल्या तापत्या पाण्यात भांडे बुडवताच धातू काळा झाला. चांदी मात्र लखलखीत राहिली. परतताना एकीने विचारले, "हे हात थांबले तर?" याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. पालकांनी मुलांना अशा दारापर्यंत न्यावे. वस्तूचा भाव करण्याआधी तिच्यामागचे कष्ट त्यांना पाहू द्यावेत.