निगेटिव्ह, कच्ची फाईल आणि गावाची स्मृती
(ऐरोली येथील व्याख्यान)



सिडकोची स्थापना 1970 साली झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यांत ऐरोलीही होती. त्या काळची भातशेती, होड्या आणि घरे ज्या थोड्या छायाचित्रांत उरली आहेत, ती फिल्मवर आहेत. उलट ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांची आजची चित्रे डिजिटल कॅमेऱ्याने टिपली जातात. ही खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत दाखल झाली. दोन्ही प्रकारची चित्रे आता संगणकात 'कच्ची फाईल' या एकाच नावाने साठविली जातात. परंतु नाव एक असले तरी वस्तू भिन्न आहेत.

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदूवर सामान्यतः एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर तांबडी व पाव बिंदूंवर निळी. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून नंतर गणिताने काढले जातात. कच्च्या फाईलीत हे गणित होण्यापूर्वीची मोजमापे असतात. म्हणून प्रकाशाचा रंग मागाहूनही सुधारता येतो.

फिल्म स्कॅनर मात्र बहुधा प्रत्येक बिंदूचे तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजतो. 35 मि.मी. फिल्मची एक चौकट इंचाला 4,000 बिंदू या प्रमाणात मोजल्यास सुमारे 2 कोटी 14 लाख बिंदू मिळतात. 16 बिटांत ही फाईल जवळजवळ 128 मेगाबाइटची होते. रंगीत निगेटिव्हच्या कच्च्या फाईलीत रंग उलटे असतात आणि फिल्मची नारिंगी छटाही तशीच उतरते. परंतु स्कॅनरने दृश्य पाहिलेले नसते. त्याने फिल्म पाहिलेली असते. फिल्मवर जे उमटले नाही अथवा जे विटून गेले, ते स्कॅनर परत आणू शकत नाही.

यातून व्यवहाराचा एक नियम निघतो. डिजिटल चित्राची कच्ची फाईल हेच मूळ दप्तर होय. ती गेली की मूळ गेले. स्कॅनची फाईल ही मात्र नक्कल असून तिचे मूळ निगेटिव्हच राहते. 'संगणकात घेतले, आता फिल्म कशाला?' असे म्हणून निगेटिव्ह टाकून देणे म्हणजे सातबाऱ्याची छायाप्रत काढून मूळ नोंदवही रद्दीत घालण्यासारखे आहे. उद्या अधिक चांगला स्कॅनर आला, तरी त्याला पाहण्यासाठी काही उरणार नाही.

म्हणून शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये यांनी निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी ठेवावीत. कोकणच्या दमट हवेत बुरशीला वेळ लागत नाही. पाकिटावर गाव, वर्ष व प्रसंग लिहावा. स्कॅनची दुरुस्त न केलेली फाईल जपावी आणि प्रत्येक फाईलीची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी. चित्रातील माणसे ओळखणारे वृद्ध गावात आहेत, तोवरच ही नोंद पुरी करून घ्यावी. कारण ती नावे कोणत्याही स्कॅनरला वाचता येत नाहीत.