जीव घाबरा होतो तेव्हा डॉक्टर काय पाहतात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण थोरल्या जाऊबाईंच्या दुखण्यात दीड वर्ष मी दवाखान्यांच्या बाकांवर बसले आणि डॉक्टर काय विचारतात, का विचारतात, हे त्यांना विचारीत राहिले. तेच आज सांगणार आहे. विषय पुष्कळजणींच्या ओळखीचा आहे. काही कारण नसता जीव घाबरा होणे, छातीत धडधडणे, हातपाय कापणे.

घाबरेपणा हे आजाराचे नाव नव्हे. ताप मलेरियाचा असतो तसा टायफॉईडचाही असतो. तसेच हे एक लक्षण आहे. आपल्याकडे मात्र कारण आधी ठरते आणि तपासणी मागाहून होते, किंवा होतच नाही. कोणी म्हणते कामाचा कंटाळा, कोणी म्हणते दृष्ट लागली, अंगारा लावा. जाऊबाईंना तर एका डॉक्टरांनी हातही न लावता "मनाला लावून घेऊ नका" असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. इकडे त्या दोनऐवजी तीन भाकऱ्या खात होत्या आणि ब्लाऊज मात्र खांद्यावरून उतरत होते.

पुढे ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी आधी पंधरा मिनिटे नुसते विचारले. हे कधीपासून? सारखे असते की झटक्याने येते? उकाडा सोसवतो का? झोप, भूक, वजन, पाळी? मग दोन्ही हात पुढे करायला लावून बोटांवर साधा कागद ठेवला. तो थरथरू लागला. तळहात हातात घेतले, ते गरम आणि ओलसर होते. नुसत्या काळजीने घाबरलेल्या माणसाचे तळहात बहुधा गार आणि ओले असतात, असे त्या म्हणाल्या. पाण्याचा घोट गिळायला सांगून गळ्याकडे पाहिले. घरी गेल्यावर गाढ झोपेत नाडी मोजायला सांगितली, कारण मनाच्या काळजीची धडधड झोपेत बहुधा निवते, थायरॉईडची निवत नाही. भाऊजींनी रात्री दोन वाजता घड्याळ घेऊन मोजली. ती दिवसाइतकीच जलद होती. या झाल्या ढोबळ खुणा. खरा निकाल रक्ताच्या तपासणीने लागला. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करीत होती.

डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 साली अशाच रोग्यांची हकिगत छापली होती. तिन्ही बाया होत्या, तिघींची छाती जोराने धडधडत असे आणि तिघींची गळ्याची गाठ वाढलेली होती. आजही या दुखण्याला त्यांचेच नाव आहे. इतके जुने ज्ञान असूनही बाईची धडधड म्हणजे बाईचा स्वभाव, ही समजूत जात नाही, याचा मला राग येतो.

पण प्रत्येक धडधड थायरॉईडची नसते. डॉक्टर खालची पापणी ओढून पाहतात ती रक्त कमी आहे का हे कळण्यासाठी. 2019 ते 21 मध्ये सरकारने केलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक, शेकडा 54, रक्तक्षयाच्या निघाल्या. रक्त कमी म्हणजे हृदयाला जास्त धावावे लागते. मधुमेहाची गोळी घेऊन उपास केला तर साखर उतरून घाम आणि कापरे सुटते. दम्याच्या औषधाने छाती धडधडते. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा येतात. म्हणून घरात असतील तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्या.

आणि दिवसाचा चहा किती, हे खरे सांगावे. मिशरीही सांगावी! ती तंबाखूच आहे. लावली तर नाडी वाढते, नाही मिळाली तर जीव कासावीस होतो. डॉक्टरांसमोर मिशरी लपवणाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता दुसरी बाजू. आमच्या चाळीतील एकीचे कार्डिओग्राम, रक्त, साखर सर्व ठीक आले. घरचे म्हणाले, "बघा, काहीच नाही." मला हे पटत नाही. रिपोर्ट ठीक आले म्हणजे तपासणीचा अर्धा भाग झाला. मग डॉक्टर विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस चिंता आवरता आली नाही? सहा महिन्यांहून अधिक काळ रोज काळजीच चालू आहे का? की एकाएकी लाट येते, काही मिनिटांत शिगेला पोचते आणि आता मरणार असे वाटते? ही निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांवर औषध आहे, बोलून करायचे उपचारही आहेत. एखादा मोठा धक्का बसला होता का, हेही विचारतात. 11 जुलै 2006 च्या लोकलमधील स्फोटांनंतर पहिल्या वर्गाचा डबा पाहूनही छाती भरून येणारी माणसे आपल्या ओळखीत असतील.

कधी डॉक्टर घरच्यांना बाहेर बसवतात. नवऱ्याने किंवा सासूने याचा राग धरू नये. घरात मारहाण आहे का, पिण्याचा त्रास आहे का, कर्ज आहे का, हे बाई सर्वांसमोर कसे सांगणार? आणि ज्या घरात मारहाण आहे तिथे गोळी एकटी काय करील?

एक मात्र सांभाळावे. छातीवर दाब, दम लागणे, जबडा किंवा हात दुखणे, गार घाम, चक्कर येऊन पडणे, असे झाले तर घाबरेपणा म्हणून घरी बसू नये, तडक इस्पितळ गाठावे. बायकांना हृदयविकारात छाती न दुखता नुसती मळमळ आणि थकवा येतो, असेही होते.

आपल्या घोडपदेवला मोठ्या इस्पितळांची उणीव नाही. भायखळ्याचे जे. जे. 1845 चे, मुंबई सेंट्रलचे नायर 1921 चे, परळचे के. ई. एम. 1926 चे. तिन्हीकडे मनाच्या आजारांचाही विभाग आहे आणि तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. के. ई. एम. मध्ये तर डॉ. वाहिया यांनी पतंजलीच्या योगावरून अशा रोग्यांसाठी उपचार बसवले होते. घरून बोलायचे असेल तर 14416 हा सरकारी फोन ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

जाऊबाई आता बऱ्या आहेत, गोळी चालू आहे, ब्लाऊज पुन्हा घट्ट होऊ लागली आहेत. ज्या भगिनीला एकटीने जायचा धीर होत नसेल तिने मला सांगावे. केसपेपरच्या रांगेत मी तिच्याबरोबर उभी राहीन, सकाळी आठच्या आत निघायला मात्र हवे.