तलाकचा कागद कुठे मागायचा?



निकाहनामा आपण जपून ठेवतो. तलाकचा कागद मात्र कुणी मागितल्यावर शोधतो. पासपोर्ट, दुसरा निकाह, पोटगी अशा वेळी तो लागतो, आणि नसल्याची झळ बहुतेकदा बाईलाच बसते.

महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानं विवाहाची नोंद होते, तलाकची नाही. बंगालमध्ये मात्र १८७६च्या कायद्यानं मुस्लिम तलाकही नोंदवता येतो. म्हणून आपल्याकडे सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा.

१९३९च्या कायद्याखाली बाईनं कोर्टातून तलाक घेतला असेल, तर अंधेरी, घाटकोपर, मुलुंडकरांनी वांद्र्याचं कुटुंब न्यायालय गाठावं. केस नंबर, वर्ष आणि दोघांची नावं घेऊन प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. नंबर आठवत नसेल तर जुनी नोटीस किंवा वकिलाची फाईल बघा. नुसती झेरॉक्स पुरत नाही.

खुला काझींसमोर झाला असेल तर त्यांच्याकडून खुलानामा घ्या. पण १८८०च्या कायद्यानं काझींना न्यायाधीशाचे अधिकार दिलेले नाहीत. वाद असेल तर कुटुंब न्यायालयाकडे, १९८४च्या कायद्याच्या कलम ७ नुसार, वैवाहिक स्थिती जाहीर करून मागता येते. आणि एका दमात दिलेला तीन तलाक २०१९च्या कायद्यानं रद्दबातल आहे. तो स्टॅम्पपेपरवर लिहिला तरी निकाह तुटत नाही.

उधारी लिहून ठेवा, तलाकला दोन साक्षीदार ठेवा, असं कुरआनच सांगतं. घरातल्या बहिणीकडे तिचा कागद आहे का, आजच विचारा.