कुत्र्याची छत्री आणि मुलांची वही



आषाढाची सर ओसरली, कीं अंगणांतील कुजक्या ओंडक्यावर रात्रींतून पांढऱ्या-तपकिरी छत्र्या उभ्या राहतात. मूल कुतूहलानें वांकतें, आणि तोंच आपण ओरडतों, "शी! कुत्र्याची छत्री ती!" यांत विषारी जाती आहेत, म्हणून ती तोंडांत घालूं नये आणि हात लावल्यास हात धुवावे, हें मुलास बजावलेंच पाहिजे. परंतु तोंडाला बंदी करतांना आपण त्याच्या डोळ्यांनाही बंदी करतों, ही माझी तक्रार आहे.

त्याऐवजीं त्याच्या हातीं कागद द्यावा. छत्रीची टोपी वडील माणसानें कापून, झालरीची बाजू खालीं करून, अर्धी पांढऱ्या व अर्धी काळ्या कागदावर ठेवावी आणि वर वाटी पालथी घालावी. बहुधा सकाळीं तेथें बीजाणूंचें नक्षीदार चक्र उमटलेलें दिसतें. फिकट बीजाणू काळ्यावर, गडद पांढऱ्यावर खुलतात. हें चित्र बुरशीनें स्वतः काढलेलें असतें. मुलानें शेजारीं आपलें काढावें.

मग गोष्ट लिहवावी. वारुळावर उगवणाऱ्या अळंबीचें उदाहरण घ्या. वाळवी वारुळाच्या पोटांत चावलेल्या लाकूड-पानांच्या वाफ्यावर ही बुरशी जोपासते व तीवर पोसते. या शेतकरीण वाळवीची कथा रचतां रचतां, मेलेलें झाड मातीला परत कोण देतें, हा प्रश्न मूल आपणहून विचारील.

बीअट्रिक्स पॉटर ही 'पीटर रॅबिट'ची लेखिका बाळपणापासून निसर्गाचीं चित्रें काढी. पुढें तिनें अळंब्यांचीं शेंकडों सूक्ष्म चित्रें रंगविलीं. बीजाणू कसे रुजतात यावरील तिचा निबंध १८९७ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटींत वाचला गेला. पण तेथें स्त्रियांस प्रवेश नसल्यानें तिला स्वतः तो वाचतां आला नाहीं. तिच्या मृत्यूनंतर, १९६७ सालीं, त्यांपैकीं कांहीं चित्रें बुरशींविषयींच्या एका ग्रंथांत छापलीं गेलीं.

तिला दार लावणारे विद्वान होते. अंगणांत दार लावणारे आपण तर मुलांचे मायबाप आहों. तेव्हां येत्या पावसांत मूल ओंडक्यापाशीं वांकलें, तर "शी" म्हणूं नका, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "काय दिसतें तुला?"