पाखरांची शाळा

गेल्या रविवारी आपल्या वर्गातील काही मंडळींना घेऊन आम्ही फिंच पाखरांची पैदास पाहायला गेलो होतो. ज्यांना येता आले नाही, त्यांच्यासाठी तिथली हकीकत सांगतो.

एका तरुण शेतकऱ्याने घरामागे पत्र्याची लांब शेड उभारली आहे. वर्षातून एक दिवस तो ती सर्वांना पाहायला खुली ठेवतो. “पाय धुऊन या, आत हळू बोला,” असे त्याने दारातच बजावले.

आत काय पाहिले? जाळीच्या खणांत झेब्रा फिंच नावाची चिमुकली पाखरे. लांबी चार इंच, वजन जेमतेम तोळाभर. यांचा मूळ देश ऑस्ट्रेलिया. तिथल्या कोरड्या माळावर पाऊस पडला, गवताला दाणा धरला, की ही पाखरे घरटी बांधतात. नराचे गाल नारिंगी, चोच लालभडक आणि गळ्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे. मादी साधी, करड्या रंगाची.

घरट्यासाठी लहान मडकी टांगली होती. आत काथ्या आणि वाळले गवत. मादी चार ते सहा अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. बारा ते चौदा दिवसांत पिले बाहेर येतात. खायला राळे नि बाजरी. चुन्यासाठी समुद्रफेनाचा तुकडा. अंड्याच्या कवचाला चुना लागतो ना!

एका बाईंनी विचारले, “आमच्या शेतातल्या मुनिया धरून अशा पाळल्या तर?” तो म्हणाला, “नाही हो! तो गुन्हा आहे.” मुनिया ही आपल्या देशातली रानपाखरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज ती पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे यांना मनाई आहे. तरी काही विक्रेते मुनियांना रंग फासतात आणि परदेशी पाखरे म्हणून विकतात. पाणी लागले की रंग उतरतो. म्हणून विकत घेण्याआधी विचारा, पावती मागा, आणि पावती वाचा. वाचता येणाऱ्याला फसवणे अवघड असते.

आता मुख्य गोष्ट. या जातीत गातो फक्त नर. पण गाणे तो जन्मतः घेऊन येत नाही. पिलू आधी बापाचे गाणे ऐकते. महिन्याचे झाले की आपले आपण पुटपुटू लागते. चुकते, पुन्हा म्हणते. थेट आपल्या बाराखडीसारखे! साधारण तीन महिन्यांत गाणे पक्के होते. पुढे ते जन्मभर तेच राहते.

आपल्या वर्गातले शिपाईमामा शेजारीच उभे होते. त्यांनी विचारले, “आणि लहानपणी ज्याला कुणी शिकवलंच नाही, त्याचं काय?”

तरुण म्हणाला, “तो गातो, मामा, पण वेडंवाकडं. मागाहून ऐकवलं तरी फारसं सुधारत नाही.”

मामा गप्प झाले. आम्हीही गप्प झालो. कारण त्या क्षणी आम्हाला तीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. आम्ही नुकतेच मुख्याध्यापक झालो होतो. मामा तेव्हा चाळिशीचे. शाळा सुटल्यावर ते पाटी घेऊन आमच्यापुढे आले आणि म्हणाले, “गुरुजी, मला सही तरी शिकवा.” आम्ही हसून म्हणालो, “मामा, आता वय गेलं.” त्यांनी पाटी जागेवर ठेवली आणि घंटेची दोरी गुंडाळली. पुढे निवृत्त होईपर्यंत ते पगारपत्रकावर अंगठाच उमटवत राहिले. शाईची डबी आम्हीच पुढे करत होतो.

इतक्यात एका लहान मुलाने जाळीतून मडक्यात बोट घातले. मामा पुढे झाले. खणावर पाटी होती. तिच्यावर बोट ठेवून ते एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागले, “अंडी आहेत. हात लावू नये.” मुलाने बोट काढून घेतले. मडक्यातून मादीने डोके वर केले आणि पुन्हा खाली बसली.

सत्तराव्या वर्षी मामांनी वाचलेली ही पहिली पाटी, जिचा दुसऱ्या कुणाला उपयोग झाला. परतताना आम्ही बसमध्ये त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, “मामा, त्या दिवशी आमचं चुकलं.” ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “गुरुजी, पाखराला तीन महिने. माणसाला तसं काही नाही, एवढं कळलं. पुष्कळ झालं.”

बंधुभगिनींनो, फिंच पाखराची शाळा तीन महिन्यांत बंद होते. आपली शाळा श्वास आहे तोवर उघडी आहे. आम्ही गुरुजी असून हे उशिरा शिकलो. तुमच्या शेजारी कुणी “आता माझं वय गेलं” म्हणत असेल, तर उद्या त्याला हात धरून वर्गात आणा. पाटी आम्ही देऊ.